पॅन-अमेरिकन हायवे: अलास्का ते उश्वाया, मधले शंभर किलोमीटर वगळून

शून्यमैल

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आमच्या हॉलमध्ये दोन्ही अमेरिका खंडांचा एक मोठा नकाशा लावलाय. त्यावर मी लाल स्केचपेनने पॅन-अमेरिकन हायवे काढला. वर अलास्कातलं प्रूडो बे, खाली अर्जेंटिनाच्या शेपटाला उश्वाया. परवा धाकटीने निरखून बघितलं आणि विचारलं, "बाबा, इथे पेन संपलं होतं का?" पनामा आणि कोलंबियाच्या मधे माझी रेघ तुटली होती. म्हटलं, पेन नाही गं, रस्ताच संपतो तिथे. तिचा काही विश्वास बसला नाही.

तर, हा सगळा मिळून साधारण ३०,००० किमीचा रस्ता. १९२३ साली सांतियागोच्या परिषदेत कल्पना निघाली, १९३६ ला ब्युनोस आयर्समध्ये देशांनी करार केला, आणि शंभर वर्षं होऊन गेली तरी मधला शंभरेक किलोमीटरचा तुकडा झालेला नाही. दारिएन गॅप म्हणतात त्याला. जंगल आणि दलदल.

मी नागपूरचा, शून्य मैलाच्या खांबापासून चालत दहा मिनिटांवर राहतो. रस्ता सुरू कुठे होतो आणि संपतो कुठे, हा किडा लहानपणापासूनचा. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. विचारायचंय ते असं: कोणी यातला एखादा तरी टप्पा केलाय का? आपली गाडी इथून नेता येते का? आणि त्या शंभर किलोमीटरचं लोक नेमकं करतात काय?

एस्टी_नाना

शून्यमैल साहेब, मस्त विषय. मी ३१ वर्षं एसटीत ड्रायव्हर होतो, त्यातली अठरा नाशिक-मुंबई. त्यामुळे ३०,००० किमी ऐकून छाती दडपत नाही, तेवढे आम्ही पाच-सहा महिन्यांत करायचो. पण ते एकाच कसाऱ्याच्या घाटातून खालीवर. वाचतोय.

पमा

मी एडमंटनला असते. दोन वर्षांपूर्वी नवरा, मी आणि दिराचा मुलगा असे डाल्टन हायवेने वरपर्यंत जाऊन आलो. म्हणजे तुमच्या लाल रेघेचं अगदी वरचं टोक.

फेअरबँक्सच्या पुढून सुरू होतो तो. ६६६ किमी, बराचसा कच्चा. १९७४ मध्ये तेलाच्या पाइपलाइनसाठी बांधला, आणि सामान्य गाड्यांना टोकापर्यंत सोडायला लागले ते थेट १९९४ पासून. आजही तो ट्रकवाल्यांचाच रस्ता आहे, आपण पाहुणे. समोरून ट्रक दिसला की वेग कमी करून कडेला सरकायचं, हा तिथला शिष्टाचार. आम्ही सरकलो तरी एक गोटा काचेवर बसलाच. आधी तांदळाच्या दाण्याएवढी चांदणी उमटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंडीने तिची रेघ होऊन काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. भाड्याच्या गाड्या देणारे बहुतेक जण करारातच डाल्टनला मनाई करतात. ते का, हे तेव्हा कळलं.

धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड टाकतात. पाऊस पडला की त्याचा चिखल गाडीला चिकटतो आणि वाळला की सिमेंट. घरी येऊन तीनदा धुतली तरी दाराच्या बिजागऱ्यांतून राखाडी पावडर पडत होती.

कोल्डफूट नावाचं एक ठिकाण आहे, तिथे टाकी फुल करायची. त्यानंतर ३८० किमीहून जास्त पेट्रोल नाही, दुकान नाही, काही नाही. मधे आटिगन खिंड. झाडं खिंडीच्या आधीच संपतात, आणि खिंड उतरली की फक्त टुंड्रा.

आणि एवढं करून शेवटी काय? डेडहॉर्स या शेवटच्या वस्तीला रस्त्यावर फाटक आहे. पुढे तेल कंपन्यांची हद्द. समुद्र तिथून दहा-बारा किलोमीटर, पण आपली गाडी न्यायची नाही. आधी नावं आणि ओळखपत्रं कळवून तिथल्या टूरच्या गाडीतून जावं लागतं. आम्ही कळवलं नव्हतं! त्यामुळे आर्क्टिक समुद्र न बघता परत. नवऱ्यासमोर हा विषय अजून काढत नाही.

ह्यूस्टनकर

पमाताई, काचेचं अगदी अगदी.

एक दुरुस्ती सुचवतो, रागावू नका. "पॅन-अमेरिकन हायवे" नावाचा ठरावीक असा एकच अधिकृत रस्ता तुम्हाला अमेरिकेत आणि कॅनडात मिळणारच नाही. १९६६ मध्ये अमेरिकेने आपलं सगळं इंटरस्टेटचं जाळंच पॅन-अमेरिकन हायवेत धरून टाकलं. म्हणजे मी रोज ऑफिसला जातो तोही त्याचाच भाग, आणि माझा बराचसा हायवे पार्किंगमध्ये जातो. अलास्का हायवे तर मुळात या योजनेतला नव्हेच. पर्ल हार्बरनंतर अलास्का तुटेल या भीतीने लष्कराने १९४२ मध्ये आठ महिन्यांत कॅनडातून काढलेला रस्ता तो. दहा हजारांवर सैनिक, त्यातले तिसरा हिस्सा कृष्णवर्णीय पलटणींचे, ज्यांना उणे तापमानात तंबूत ठेवलं आणि ज्यांचं नाव कित्येक वर्षं कोणी घेतलं नाही.

'रस्ता' म्हणून ज्याला अभिमानाने हे नाव लावतात तो लॅटिन अमेरिकेत. मेक्सिकोने आपला भाग सगळ्यात आधी, १९५० मध्ये पुरा केला आणि त्या आनंदात त्यावर मोटारशर्यत लावली, कार्रेरा पानामेरिकाना. पाच वर्षांत इतकी माणसं मेली की १९५४ नंतर बंद करावी लागली. पोर्शच्या 'कारेरा' गाड्यांचं नाव त्यावरून आलंय.

गाडीबद्दल: इथून बोलेरो-थार नेण्याचं डोक्यातून काढून टाका असं नाही म्हणत, पण स्टिअरिंग उजवीकडे. मध्य अमेरिकेतल्या काही देशांत उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला सीमेवरच अडवतात. इराण-तुर्कस्तानकडून युरोपात जाणाऱ्यांना कार्ने (गाडी परत नेण्याची हमी देणारा कस्टमचा कागद) लागतो, ज्यासाठी मुंबईत ऑटोमोबाइल असोसिएशनकडे खेटे घालावे लागतात. त्याची या खंडात सहसा गरज पडत नाही. इथे प्रत्येक देश सीमेवरच गाडीचा तात्पुरता परवाना करून देतो. त्यामुळे बरेच जण अमेरिकेत जुनी गाडी घेतात आणि निघतात. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, वर्षभर चालतो.

अमेरिकेचा व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिको, कोस्टारिका, पनामा, कोलंबिया यांचे वेगळे व्हिसे सहसा लागत नाहीत. निघण्याआधी दूतावासाचं ताजं पान बघाच.

परखड

म्हणजे थोडक्यात, जगातला सगळ्यात लांब रस्ता हा रस्ता नाहीच. प्रत्येक देशाने आपापला रस्ता बांधला आणि वरून एक नाव डकवलं. आणि मधे शंभर किमी तुटलेला. ज्या पनामात समुद्र जोडणारा कालवा १९१४ ला खणून झाला त्यांना शंभर किलोमीटर डांबर टाकता येत नाही? इच्छाशक्ती नाही, बाकी काही नाही. आपल्याकडे कोकण रेल्वे झालीच ना.

डॉ_गोठा

परखड, मी पशुवैद्यक आहे, तेव्हा तुम्हाला वाटणार नाही अशा बाजूने उत्तर देतो. तो रस्ता अडलाय त्यात गुरांचाही हात आहे.

लाळ्या-खुरकूत आपल्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे. तोंडात फोड, खुरांत जखमा, लाळ गळतेय, दूध आटलं. आपल्याकडे वर्षातून दोनदा लस टोचत फिरतो आम्ही. अमेरिकेत हा रोग १९२९ नंतर नाही. मेक्सिकोत १९४६ ला शिरला तेव्हा तो निपटायला त्यांना आठ वर्षं लागली, लाखो जनावरं मारून पुरली. दक्षिण अमेरिकेत मात्र तो होता. १९७० च्या दशकात अमेरिका दारिएनच्या रस्त्याला पैसा देत होती, काम निघालंही होतं. १९७५ मध्ये सिएरा क्लब आणि इतर पर्यावरण संस्था कोर्टात गेल्या की पर्यावरणाचा अभ्यास धड झालेला नाही, आणि त्यात एक मुद्दा हाच होता: रस्ता झाला की गुरं येणार आणि गुरांबरोबर लाळ्या-खुरकूत. कोर्टाने काम थांबवलं. जंगल म्हणजे विनाखर्चाचं क्वारंटाइन, असा तो हिशेब.

दुसरी गोष्ट त्याहून भारी. जखमेत किडे पडतात ना जनावराच्या? तिथे एक माशी आहे जिच्या अळ्या मेलेलं नव्हे, जिवंत मांस खातात. अमेरिकेने ती हटवली कशी, तर कारखान्यात कोट्यवधी माश्या वाढवायच्या, किरणोत्साराने त्यांना वांझ करायचं आणि विमानातून सोडायचं. माशीची मादी आयुष्यात बहुधा एकदाच जुगते. तो नर वांझ निघाला की तिची अंडी वाया. असं करत करत त्यांनी ती माशी टेक्सासमधून मेक्सिको, मग सगळी मध्य अमेरिका ओलांडून दारिएनपर्यंत मागे रेटली आणि तिथे माश्यांची भिंत उभी केली. पनामात त्यासाठी कारखानाच आहे. २०२३ पासून ती भिंत फुटली, आणि २०२४ च्या अखेरीस माशी पुन्हा मेक्सिकोत पोचली. रस्ता नसताना ही गत. असता तर किती लवकर पोचली असती?

त्यामुळे इच्छाशक्ती नाही असं नका म्हणू. बरीच इच्छाशक्ती तो रस्ता *न* होण्यामागे आहे.

परखड

डॉक्टर, माशीचं माहीत नव्हतं, शब्द मागे घेतो. अर्धेच. बाकी अर्धे पुढचा प्रतिसाद बघून.

दर्यावर्दी

मी मर्चंट नेव्हीत आहे, इंजिनवाला. पनामा कालव्यातून किती वेळा गेलो ते मोजणं सोडून दिलंय. पॅसिफिकच्या तोंडाशी ब्रिज ऑफ द अमेरिकाज आहे, १९६२ चा. तुमचा हा हायवे त्या पुलावरून जातो आणि आम्ही खालून. भरतीला पुलाखाली ६१ मीटर जागा असते, मोठ्या जहाजाच्या डोलकाठीचा वरचा भाग जाताना जहाज चालवायच्या खोलीतला प्रत्येक माणूस नकळत मान खाली घालतो. मी इंजिनरूममध्ये असतो त्यामुळे मला हे ऐकूनच माहीत होतं. एकदा ड्यूटी नव्हती म्हणून वर आलो आणि मीही घातली.

शंभर किलोमीटरचं लोक काय करतात, याचं उत्तर: गाडी आमच्याकडे देतात. अटलांटिकच्या बाजूला कोलोन बंदरातून कंटेनरमध्ये घालून कोलंबियातल्या कार्ताहेनाला. चाळीस फुटी कंटेनरमध्ये दोन गाड्या बसतात, म्हणून लोक जोडीदार शोधत बसतात, लग्न जुळवल्यासारखे. आधी पनामा सिटीत पोलीस गाडी तपासतात, इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळवतात. टाकी जवळपास रिकामी हवी, बॅटरीची वायर काढलेली हवी. समुद्रप्रवास एक-दोन दिवसांचा, पण अलीकडे-पलीकडे कागदांत आठवडा सहज जातो. गाडीत माणसाला बसून जाता येत नाही, माणूस विमानाने किंवा शिडाच्या बोटीने सान ब्लास बेटांवरून. मोटरसायकलवाले बऱ्याचदा बाइक बोटीच्या डेकवर बांधून नेतात. खारं पाणी लागतं हं, नंतर साखळी बदला.

परखड, तुमच्या उरलेल्या अर्ध्या शब्दांसाठी: पलीकडच्या बाजूला अत्रातो नदीची दलदल आहे. डांबर टाकायला खाली जमीन लागते. १९६० मध्ये एक लँड रोव्हर आणि एक जीप घेऊन एक तुकडी त्यातून गेली. साडेचार महिने लागले, ताशी सरासरी वेग २०० मीटर. ओढ्यावर ताडाचे बुंधे टाकून पूल करायचे, गाडी पार करायची, पुढच्या ओढ्याला पुन्हा तेच. आणि तिथे गुना, एंबेरा, वोउनान लोक राहतात, त्यांचं जंगल आहे ते. पनामाच्या बाजूचं दारिएन राष्ट्रीय उद्यान १९८१ पासून जागतिक वारसा आहे.

परखड

ठीक आहे, पूर्ण मागे.

एस्टी_नाना

दर्यावर्दी भाऊ, मान खाली घालण्याचं वाचून हसलो. आमच्या डबलडेकरच्या कंडक्टरची हीच तऱ्हा.

अवांतर होतंय पण सांगतो. आम्ही ज्या रस्त्यावर आयुष्य काढलं तो पण आंतरराष्ट्रीय आहे बरं! एएच ४७, एशियन हायवे. ग्वाल्हेरहून धुळे, नाशिक, ठाणे, मग पुणे-कोल्हापूर करत बंगळूर. मला हे निवृत्त झाल्यावर नातवाने सांगितलं. तीन पंधरवड्यांचा पगार वाढवून मागितला असता.

ह्यूस्टनकर

नाना, तुमचा ४७ देशाबाहेर जात नाही, पण एएच १ जातो. टोकियोपासून तुर्कस्तान-बल्गेरियाच्या सीमेपर्यंत, २०,५५७ किमी. आपल्याकडे मणिपुरात मोरेला शिरतो, कोहिमा, गुवाहाटी, मधे बांगलादेशात जाऊन परत कोलकाता, दिल्ली, अटारी. जपान-कोरियामधली फेरीबोट सोडली तर नकाशावर अखंड रेघ आहे त्याची, पेन कुठेही संपलेलं नाही. पण उत्तर कोरियातून गाडी घालून दाखवा, किंवा वाघा सीमेवर नुसती पाटी दाखवून पलीकडे जाऊन दाखवा. तिकडे दलदल आहे, इकडे फाटकं आहेत.

सुमेधा_लिमा

एशियन हायवेचा वेगळा धागा काढा बुवा, इथे विषय भरकटवून धाग्याचं काश्मीर करू नका. ☺

मी तीन वर्षं लिमात होते, नवऱ्याची खाणीच्या प्रकल्पावर नोकरी. पेरूत या रस्त्याला सगळे नुसतं 'पानामेरिकाना' म्हणतात. पत्ता सांगतानाही "पानामेरिकाना सूर, किलोमीटर अमुक". गावांना नावं आहेत पण लोक किलोमीटरवर राहतात.

लिमाहून दक्षिणेला निघालं की डावीकडे वाळू, उजवीकडे समुद्र, आणि हे तासन् तास. पहिले दोन तास "अय्या किती सुंदर", त्यानंतर डोळे मिटायला लागतात. नास्काला मात्र गाडी थांबवाच. वाळवंटात दीड-दोन हजार वर्षांपूर्वी काढलेल्या त्या प्रचंड रेघोट्या. विमानातून बघतात सगळे, पण रस्त्याच्या कडेला एक लोखंडी मनोरा आहे, त्यावर चढून झाड आणि हात ही चित्रं दिसतात. आणि तिथेच दिसतो तो सरडा. हायवे त्या सरड्याच्या अंगावरून गेलाय. बांधणाऱ्यांना कळलंच नाही की खाली चित्र आहे, कारण जमिनीवरून ते चित्र दिसतच नाही, नुसते बाजूला सारलेले दगड दिसतात. मी मनोऱ्यावर उभी असताना त्याच्या शेपटीवरून केळ्यांचा ट्रक गेला. २०१८ मध्ये एक ट्रकवाला तर रस्ता सोडून थेट रेघांवर शिरला होता, चाकांचे खोल चर पडले.

पुढे चिलीत हाच रस्ता रुता सिंको होतो, अटाकामा वाळवंट. आंतोफागास्ताच्या दक्षिणेला वाळूतून वर आलेला अकरा मीटरचा हात आहे, शिल्प. फोटोत भव्य दिसतो. जवळ गेलात की खाली लोकांनी नावं लिहून ठेवलेली दिसतात, अगदी सिंहगडासारखी. घरच्यासारखं वाटलं.

सीमांबद्दल: पेरू-चिलीला गाडीतली फळं, मध, मांस सगळं काढतात. माझ्या सासूबाईंनी पाठवलेलं लोणचं चिलीच्या सीमेवर एका बाईने बाटली उघडून हुंगलं, सहकाऱ्याला हुंगवलं, आणि शेवटी सोडून दिलं. कैरीची फोड फळ धरायची की नाही यावर त्यांचं दहा मिनिटं चाललं होतं.

पमा

लोणचं!! 😂

ह्यूस्टनकर

मध्य अमेरिकेत उलट. तिथे तुमच्या सामानात कोणाला रस नाही, कागदात आहे. प्रत्येक सीमेवर झेरॉक्सचं टपरीवजा दुकान असतं आणि ते सीमेच्या *चुकीच्या* बाजूला असतं. आधी शिक्का, मग शिक्क्याची झेरॉक्स, मग झेरॉक्सवर शिक्का. त्यानंतर गाडीच्या चाकांवर औषध फवारतात (डॉक्टर खूश होतील) आणि त्याची पावती जपून ठेवायची. ट्रामितादोर म्हणून पोरं मागे लागतात, आपल्या आरटीओबाहेरच्या एजंटांची चुलत भावंडं. एका सीमेवर मी स्वतःच करीन म्हणून हट्टाने साडेचार तास घालवले, पुढच्या सीमेवर दहा डॉलर देऊन तासात बाहेर. तत्त्वं पहिल्या सीमेवरच राहिली.

कोस्टारिकातला सेर्रो दे ला मुएर्ते मात्र विसरू नका. 'मृत्यूचा डोंगर'. रस्ता ३,३०० मीटरच्या वर चढतो. पूर्वी माणसं पायी ओलांडताना थंडीने मरायची म्हणून हे नाव. सकाळी समुद्रकिनाऱ्यावर घामाघूम, दुपारी धुक्यात काच पुसतोय. नाना, तुम्हाला आवडेल, कसाऱ्यासारखंच, फक्त वडापाव नाही.

एस्टी_नाना

मग घाट कसला तो.

शून्यमैल

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस हेच वाचतोय.

शेवटच्या टोकाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून मी जमवलेलं सांगतो. अर्जेंटिनाचा रूट ३ उश्वायाच्या पुढे लापाताइया उपसागराशी लाकडी पाटीजवळ संपतो. पाटीवर लिहिलंय: अलास्का १७,८४८ किमी. आपण सगळे ३०,००० म्हणतोय आणि पाटी १७,८४८ म्हणते. कुठून कसं मोजायचं यावर एकमत नाहीच. आणि उश्वाया आहे त्या बेटावर पोचायलाही मॅगेलनची सामुद्रधुनी फेरीबोटीने ओलांडावी लागते, वीसेक मिनिटं. म्हणजे पाणी तिथेही आहे, पण त्याला कोणी 'गॅप' म्हणत नाही. फेरी मिळते ना!

आता खरं सांगू का. तुमचे प्रतिसाद वाचून माझा बेत उलटा झालाय. दोन्ही टोकांपर्यंत जायची हौस ओसरली. पमाताईंना समुद्र दिसला नाही, आणि दुसऱ्या टोकाला पाटी आहे. मला तो तुटलेला भाग बघायचाय. पनामाच्या बाजूने रस्ता याविसा नावाच्या गावात संपतो. पनामा सिटीपासून साधारण पावणेतीनशे किलोमीटर. पुढे नदी, तिच्यावर होड्या, होड्यांत केळी. बस जाते म्हणे तिथपर्यंत. दर्यावर्दी, माहिती आहे का काही?

दर्यावर्दी

जाते. पनामा सिटीच्या अल्ब्रूक टर्मिनलवरून. आमच्या एका थर्ड इंजिनिअरने सुट्टीत हा उद्योग केला होता. सकाळी लवकरची पकडा. वाटेत सीमा पोलिसांच्या चौक्या आहेत, बस थांबवून पासपोर्ट बघतात आणि कुठे चाललात, का चाललात विचारतात. 'रस्ता संपतो ते बघायला' हे उत्तर त्यांना पटत नाही, असं तो सांगत होता. याविसाच्या पुढे मात्र एक पाऊल टाकू नका. २०२३ या एका वर्षात त्या जंगलातून पाच लाखांवर माणसं उत्तरेकडे चालत गेली, त्यात आपल्याकडचीही होती. कित्येक जण वाटेतच राहिले. ते पर्यटन नव्हे.

डॉ_गोठा

शून्यमैल, गेलात तर येताना बूट धुऊन या. मी गंभीरपणे सांगतोय.

शून्यमैल

धुतो डॉक्टर. धाकटी पण येते म्हणतेय, रेघ काढायची राहिली की खरंच तुटलीय ते तिला स्वतः बघायचंय. दर्यावर्दी, चौकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो की झेरॉक्स चालते?

दर्यावर्दी

मूळ. झेरॉक्स पण ठेवा, चार. ह्यूस्टनकरांना विचारा.